नाना आणि निळं पिस्तूल

नानांना वस्तू घ्यायला आवडत नाही, वस्तूची चौकशी करायला आवडते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९, हे साल ते कुठल्याही गप्पांत बसवतात) त्यांनी स्टोअर्समध्ये आयुष्य काढलं आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीही आत येऊ दिली नाही. निवृत्तीनंतर लेकाकडे कॅनडात कोक्विटलामला आले, पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झाले, लफार्ज लेक या तळ्याभोवती फेऱ्या सुरू झाल्या. मग त्यांना कळलं की बर्क माउंटनवर शूटिंग रेंज आहे आणि इथे सर्वसामान्य माणसालाही बंदूक-सुरक्षेचा कोर्स करता येतो. नानांचा हेतू शुद्ध होता. नेम धरायचा नव्हता, शिकार करायची नव्हती. परीक्षा पास व्हायचं होतं. त्यासाठी घरी सराव हवा, आणि सरावाला नकली पिस्तूल.

"एखादं खेळण्यातलं घ्या की," मी म्हटलं.

"कायदा वाचलायस?"

मी वाचला नव्हता. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात, खऱ्या बंदुकीशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी पण स्वतः बंदूक नसलेली वस्तू हे 'प्रतिबंधित साधन' आहे. १ डिसेंबर १९९८ च्या आधीपासून तुमच्याकडे असेल तर असू द्या. नवी घेता येत नाही की बाहेरून मागवता येत नाही. म्हणजे परवाना काढलात तर खरी रायफल मिळेल, तिची हुबेहूब मुकी बहीण मिळणार नाही. प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या एअरसॉफ्टची तर आणखी गंमत. हुबेहूब खऱ्यासारखी असेल आणि गोळी सेकंदाला ३६६ फुटांहून हळू जात असेल, तर ती नकलीत जमा, म्हणून बंद. थोडी जोरात मारत असेल तर चालते! दुसरा कुणी वैतागला असता. नानांचा चेहरा उजळला. "बरोबरच आहे. समोर रोखलेलं खरं की खोटं, हे पोलिसाला क्षणात कसं कळणार?" असं म्हणून त्यांनी वहीत नवा रकाना आखला.

उरलं निळं. पोलिसांच्या प्रशिक्षणात वापरतात तो एकसंध प्लास्टिकचा ठोकळा: आकार पिस्तुलाचा, चाप हलत नाही, गोळी शिरायला जागा नाही. भडक रंगाचं असल्यामुळे खरं म्हणून खपत नाही. नाना ठोकळ्यावर खूश होते, पण एका रात्री त्यांना अडचण सुचली. कोर्सचा पाठच असा आहे, की तोंड, म्हणजे मझल, सुरक्षित दिशेला करा, गोळ्या काढा, चेंबर, म्हणजे गोळी बसते तो कप्पा, पाहा, गोळी येण्याची वाट तपासा, शेवटी नळी बघा. "ज्याला चेंबरच नाही, त्याचं चेंबर रिकामं आहे हे मी परीक्षकाला कसं दाखवणार?" आणि ज्याची स्लाइड मागे सरकते, चेंबर उघडतं, ते दिसतं खऱ्यासारखं, म्हणजे पुन्हा कलमात सापडतं. या पेचात महिना सुखात गेला. मध्येच नातवाची होळीची पिचकारी त्यांनी जप्त केली, फूटपट्टी लावली, उजेडात धरून आरपार पाहिली. "पारदर्शक, गुलाबी, मापाने अवाढव्य. हरकत नाही," म्हणून परत दिली. पोराने ती तोवर मागितलीही नव्हती.

सराव अखेर टीव्हीच्या रिमोटवर झाला. बोट बटणावर नाही, कडेने सरळ. तोंड कुणाच्याही दिशेला नाही. सून म्हणायची, "बाबा, चॅनल बदला ना!" नाना म्हणायचे, "आधी समोरून बाजूला हो."

वर्गात मात्र त्यांची निराशा झाली. तिथे निकामी केलेल्या खऱ्याच बंदुका आणि खोटी काडतुसं मांडून ठेवली होती. घरून काही न्यायची गरजच नव्हती. पास व्हायला ८० टक्के लागतात. नाना पास तर झालेच, शिवाय शेजारच्या तरण्याबांड गड्याला "मझल, मझल" म्हणून दोनदा टोकून आले. त्याच दमात त्यांनी पिस्तुलाचा पुढचा कोर्सही केला. २१ ऑक्टोबर २०२२ पासून इथे सामान्य माणसाला नवं पिस्तूल विकत घेता येत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मग एवढं कशाला केलंत?" मी विचारलं.

"घ्यायचंय कुणाला?" नाना खरोखर दुखावले होते.

परवान्याच्या अर्जात जोडीदाराच्या सहीची जागा असते. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला निदान २८ दिवस थांबावंही लागतं. नानींनी त्यात स्वतःचे दिवस घातले. अर्ज पोळपाटाखाली कित्येक दिवस पडून होता. सही काही झाली नाही, आणि नानांनीही आग्रह धरला नाही, कारण तोवर आमच्या गल्लीत अस्वल येऊन कचऱ्याचा डबा उलथवून गेलं होतं.

आता नव्या वहीत अस्वलावर मारायचे फवारे आहेत: वजन, पल्ला, किती सेकंद चालतो. सरावासाठी वेगळा डबा मिळतो, हा ताजा शोध.

"त्यात मिरची नसतेच," नाना कौतुकाने सांगत होते.

नानी भाजी परतता परतता म्हणाल्या, "अहो, मग अस्वल पण बिनदाताचं बघा."

नानांनी पेनाचं टोपण काढलं होतं.