नव्याण्णव सर

चर्चच्या उन्हाळी शिबिराचा प्रमुख ज्यानं पाहिला नसेल, त्यानं गळ्यातली शिट्टी, बगलेतली वही आणि मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट एवढं डोळ्यांसमोर आणावं. उरलेला माणूस मागून आपोआप येतो. बीडच्या ह्या सरांना पोरं ‘नव्याण्णव सर’ म्हणतात. शिबिरात बासष्टच्या वर मुलं कधी जमत नाहीत, तो भाग वेगळा. शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून नव्याण्णव रानात सोडून निघालेल्या मेंढपाळाचा दाखला लूकच्या १५व्या अध्यायात आहे. तो सरांनी इतका मनावर घेतलाय, की दिवसातून अकरा वेळा ते मुलं मोजतात. आणि अकराही वेळा एक कमी भरतं.

प्रार्थनेआधी मोजणी, प्रार्थनेनंतरही मोजणी. (डोळे मिटलेले असताना कुणी सटकलं तर?) पोह्यांच्या रांगेत मोजणी. रात्री गच्चीवर सतरंज्या पडल्या की बॅटरी मारून पायांची मोजणी, भागिले दोन. एका वर्षी उत्तर साडेएकसष्ट आलं आणि अर्ध्या मुलाच्या शोधात सगळं कंपाउंड जागं झालं. दुसरा पाय चादरीत होता.

मोबाईलही मोजून घेतात. पहिल्या दिवशी पत्र्याच्या डब्यात एकेचाळीस जमा, शेवटच्या दिवशी एकेचाळीस परत, हिशेब चोख. त्यातले निम्मे घरातले मेलेले जुने हँडसेट असतात, हे सरांखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.

सकाळी साडेसहाला पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांचे अभंग होतात. टिळक १९१९ साली गेले, पण नगरच्या त्या ख्रिस्ती कवीशिवाय इथला दिवस उजाडत नाही. मग हातवाऱ्यांची हिंदी गाणी, वचनपाठांतर, संदेश. उद्घाटनाच्या भाषणात सर अशा सुट्टीतल्या शाळांचा इतिहास सांगतात: १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांसाठी उन्हाळ्यात ‘एक सभागृह’ भाड्यानं घेतलं.

गेल्या वर्षी मागून एक पोरगा उठला. “सर, ते सभागृह न्हवतं. बिअरचा हॉल होता.”

“तुला कुणी सांगितलं?”

“हे काय, इथं लिवलंय की.” आणि त्यानं मोबाईल वर धरला.

डब्यात एकेचाळिसाचे बेचाळीस झाले. तरी भाषणातलं सभागृह यंदाही सभागृहच राहिलं.

सहल ठरलेली: खजाना विहीर. निजामशाहीतली ही विहीर आटत नाही म्हणून नावाजलेली. पोरं कठड्याशी वाकली की सरांच्या पोटात गोळा. उतरताना बासष्ट, विहिरीपाशी एकसष्ट! शिट्टी इतकी वाजली, की शेजारच्या शेतातली शेरडं उधळली. पाण्यात डोकावून झालं, देवाला हाक मारून झाली. तेवढ्यात बासष्टावा घामाघूम होऊन समोरून आला, हातात वही. “सर, टेंपोतून वही आणायला तुमीच तर धाडलं होतं.”

अशा माणसाबरोबर पाच दिवस काढणं सोपं नाही. स्वयंसेवक टिकत नाहीत. पाळकसाहेबसुद्धा मोजणीच्या वेळी फोन आल्यासारखं करून बाजूला जातात.

मात्र बीडमध्ये एरवी मोजणी करतो तो मुकादम. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात निघतात आणि उचल ठरते ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. पोरं ह्या गणितात येतच नाहीत. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी, काही आईबापामागं पाचटाच्या खोपीत. कारखान्यांचे पट्टे पडले की माणसं गावी परततात, आणि मग सर गावोगाव फटफटीवर फिरून नावं गोळा करतात. घर बंद दिसलं तर शेजारी विचारतात, पुन्हा जातात. यादीत एकेक नाव पूर्ण लिहिलेलं, बापाच्या नावासकट, वळणदार अक्षरात.

अडतिसाव्या क्रमांकावर एक मुलगी आहे. वचनपाठांतरात तीन वर्षं पहिली. अख्खं स्तोत्र एका दमात म्हणायची. दहावीनंतर तिचं लग्न उरकलं आणि ह्या हंगामात ती नवऱ्याबरोबर फडावर गेली. शिबिरात ती एक होती, टोळीत अर्धी झाली.

यंदाच्या वहीतही ते नाव आहे. हजेरी घेताना सर सदतीसनंतर थांबतात, शिट्टी शर्टाला पुसतात, मग एकोणचाळीस म्हणतात.

एका नव्या स्वयंसेवकाला ती गोम कळली नाही. सरांचा त्रास वाचावा म्हणून त्यानं रात्री बसून कॉम्प्युटरवर ताजी यादी केली: एकसष्ट नावं. सकाळच्या मोजणीत मुलंही एकसष्ट. पहिल्यांदाच हिशेब जुळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी यादीची घडी घालून ती खिशात ठेवली, बगलेतली वही काढली आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.