वहिनी, दुकान सजवू नकोस, बोलतं कर

श्टुटगार्ट, शनिवार

प्रिय वहिनीस,


आईचा फोन येऊन गेला. "तुझ्या वयनीचा दुकान चलना नाय, तू थंय येवढा शिकलंस, कायतरी सांग मगे," असा हुकूम आहे. हुकूम आईचा असल्यामुळे कागदावर लिहून पाठवते. व्हॉट्सअॅपवर सांगितलेलं आपल्या घरात कुणी मनावर घेत नाही. आज जिना झाडायची पाळी आमची. दारावर तशी पाटी लटकते आहे, आणि ती पुढच्या दारावर जाईपर्यंत या इमारतीत आमची अब्रू तिलाच टांगलेली असते. कुकरही लावलाय. तेव्हा मधेमधे तुटक वाटलं तर समजून घे. आत्याच्या नातसुनेने साखरपुड्याला काय नेसलं होतं ते तीन ठिकाणांहून कळलं, तिन्ही वर्णनं वेगळी आहेत. फोटो पाठव, त्याशिवाय मी मत देणार नाही.

आता तुझं भेटवस्तूंचं ऑनलाइन दुकान. दादाचा बेत कळला: नवा रंग, वर फिरणारं बॅनर, कडेने लुकलुकणाऱ्या पणत्या आणि पान उघडताच सनई. दादाला सांग, सनई लग्नात शोभते, कारण तिथे आलेला माणूस जेवल्याशिवाय निघून जात नाही. वेबसाइटवरचा जातो. माझं म्हणणं एकच आहे: तुझं दुकान दिसायला वाईट नाही, ते मुकं आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत गिऱ्हाइकाने लाकडी आंबा नुसता हातात घेतला, तरी दुकानदार न विचारता बोलू लागतो. लाकूड कुठलं, रंग पाण्याने जाईल का, लहान मुलाने तोंडात घातला तर काय, प्रवासात फुटू नये म्हणून बांधून कसं देतो, आणि बोलता बोलता भाव. पडद्यावर हा दुकानदारच नसतो. म्हणून डिझाइन म्हणजे सजावट नव्हे. जिथे शंका येते तिथेच तिचं उत्तर लिहून ठेवणं, हे डिझाइन.

याला पुरावा आहे. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट ऑनलाइन खरेदीचा वर्षानुवर्षं अभ्यास करते आहे. तिच्या हिशेबाने वस्तू टोपलीत टाकलेल्या दर १० पैकी सुमारे ७ जण पैसे न भरता निघून जातात. नुसतं बघायला आलेले वगळले, तर निघून जाण्याचं सगळ्यात मोठं कारण पानाचा रंग नाही, शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेला टपालखर्च, कर आणि शुल्क हे आहे. तुझ्या पानावर भातुकलीचा संच एका भावाला दिसतो, आणि पत्ता, पिनकोड, मोबाइल असं सगळं भरून झाल्यावर खाली टपालखर्च उगवतो. चितारआळीत असं कुणी केलं, तर गिऱ्हाईक वस्तू ठेवून जातंच, वर चार घरी सांगतं.

या बाबतीत इथल्या सरकारने आमचा जीव नको केलाय, ते ऐक. जर्मनीत १ ऑगस्ट २०१२ पासून कायदा आहे की ऑनलाइन दुकानातल्या शेवटच्या बटणावर "पैसे देण्याच्या बंधनासह ऑर्डर करा" अशा अर्थाचे स्पष्ट शब्द हवेत. "पुढे", "झालं", "पाठवा" चालत नाही. शब्द चुकले तर गिऱ्हाइकावर व्यवहार बंधनकारकच ठरत नाही; माल गेला तरी पैसे मागायची पंचाईत. मूळ जर्मन शब्द "त्सालुंग्सफ्लिख्टिख बेश्टेलन". फोनच्या पडद्यावर हे बटण मावता मावत नाही, आणि आनंदाने राखी मागवायला निघालेल्या माणसाला कोर्टात जबाब देतोय असं वाटतं. शिवाय दुकानदाराचं नाव, पत्ता, संपर्क असलेलं एक वेगळं पान सक्तीचं. कराशिवाय भाव दाखवायचा नाही. टपालखर्च आधी सांगायचा. आणि खोक्यातून माल पाठवणाऱ्याने, महिन्याला एकच खोकं का असेना, पॅकिंगच्या सरकारी नोंदवहीत नाव घालायचं.

एवढ्यावर थांबत नाहीत. वजनावर विकायच्या वस्तूखाली तिचा किलोचा भावही छापावा लागतो. म्हणजे २०० ग्रॅम चकलीच्या पाकिटावर ४ युरो ९९ सेंट वाचून आपण मन घट्ट करतो, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: १ किलो = २४.९५ युरो. अडीच हजार रुपये किलो चकली, वहिनी! बाबांना हे सांगू नकोस, ते मला तिथून भाजणी पाठवतील, आणि भाजणी पाठवायच्या खर्चात चकली स्वस्त वाटायला लागेल.

पण चिडून झाल्यावर शांतपणे पाहिलं, तर या जाचक कायद्यांनी गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रश्नांची यादीच करून ठेवली आहे. एकूण किती पडेल? हे बटण दाबलं की पैसे जातील का? विकणारा कोण, सापडेल कुठे? नको असेल तर परत करता येईल का? इथला दुकानदार ही उत्तरं दंडाच्या भीतीने लिहितो. तू ती गिऱ्हाईक टिकावं म्हणून लिही. एरवी डिझायनरला पैसे मोजून मिळाला असता तो सल्ला जर्मन संसदेने फुकट दिलाय.

दादा म्हणणार, टपालखर्च पहिल्याच पानावर दाखवला तर लोक तिथूनच पळतील. काही पळतीलच. पण ते शेवटच्या पायरीवरूनही पळणारच होते, आणि तिथून पळताना फसवल्याची भावना घेऊन जातात. पहिल्या पानावरून गेलेला माणूस भाऊबीजेला परत येऊ शकतो. शक्य असेल तर देशातला टपालखर्च किमतीतच धर आणि तसं ठळक लिही. आणि हा प्रश्न फक्त जर्मनांचा नाही. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवाफसवीचे १३ प्रकार अधिसूचनेत नावानिशी नोंदवले. भाव टप्प्याटप्प्याने उघड करणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं आहे, आणि खोटी घाई लावणंही आहे. तुझ्या गंजिफा पत्त्यांच्या संचाखाली "फक्त २ शिल्लक" हे गणपतीपासून आहे. दोन्ही संच अजून शिल्लक असतील तर ती बातमी गिऱ्हाइकाला देण्यासारखी नाही. आणि नसतील तर पाटी काढ.

फिरत्या बॅनरचंही सांगते. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या वेबसाइटची २०१३ साली मोजणी झाली. फिरत्या चित्रांवर क्लिक करणारे शंभरात एक, आणि त्या क्लिकपैकी जवळपास ८४ टक्के पहिल्याच चित्रावर. विद्यापीठ आणि खेळण्यांचं दुकान सारखं नाही, हे मान्य. पण हलती चौकट दिसली की डोळा तिला जाहिरात समजून टाळतो, ही सवय माणसाची आहे, विद्यापीठाची नाही. पाच चित्रं फिरवण्यापेक्षा एकच ठेव, आणि त्याखाली एक वाक्य: काय आहे, कुणासाठी आहे, कितीला आहे.

(जिना झाडून आले. पाटी उद्या पुढच्या दारावर. शेजारच्या आजींनी पायऱ्यांवरून बोट फिरवून पाहिलं नाही, म्हणजे पास.)

मालाच्या पसाऱ्याबद्दल आईचं म्हणणं वेगळं, "चार वस्तू ठेवा, लोक गोंधळतात." याला आधार म्हणून मुरांब्याचा एक अमेरिकन प्रयोग नेहमी सांगतात. २००० साली छापून आला: २४ चवी मांडल्या तेव्हा चाखून गेलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी घेतलं, ६ मांडल्या तेव्हा ३० टक्क्यांनी. पण पुढे अशा अनेक प्रयोगांची एकत्र बेरीज केली तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. म्हणजे माल कमी करून आपोआप काही होत नाही. मांडणी बदलायला हवी. तुझी यादी आत्ता "लाकडी", "कापडी", "खाद्य" अशी आहे. ही गोदामाची यादी झाली. भेट देणारा माणूस लाकूड शोधायला येत नाही. तो येतो कारण बाबांची साठी आहे, भाचीचं बारसं आहे, भाऊबीज जवळ आली आहे. यादी प्रसंगाने लाव, आणि प्रत्येक प्रसंगात हजाराच्या आत आणि हजाराच्या वर असे दोनच कप्पे कर.

आता जवळून एकच पान बघ, लाकडी फळांच्या परडीचं. फोटो पांढऱ्या पडद्यावर, शेजारी काही नाही. फणस सुपारीएवढा की नारळाएवढा, कळायला मार्ग नाही. खाली लिहिलंय, "सुंदर हस्तकला, उत्तम दर्जा." हे वाक्य केरसुणीखालीही लिहिता येईल. त्याऐवजी परडी कुणाच्या तरी हातात देऊन फोटो काढ, आईचा हात चालेल, बांगड्यांसकट. एक फोटो फळांच्या मागच्या बाजूचा, एक बांधलेल्या खोक्याचा. आणि मजकूर: फळं किती, सगळ्यात मोठं किती सेंटिमीटरचं, लाकूड पांगाऱ्याचं की आंब्याचं, ओल्या फडक्याने पुसलं तर चालतं का, आज मागवलं तर पुण्यात कधी पोचेल. ही पाच उत्तरं रंगीत पणत्यांपेक्षा जास्त विकतील.

शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. तुझं खरं गिऱ्हाईक कोण? कुडाळचा माणूस चितारआळीत जातो, त्याला तुझी वेबसाइट नको. तुझं गिऱ्हाईक आम्ही, बाहेर राहिलेले. आम्ही पैसे इथून देतो आणि भेट तिथल्या दारात पोचवायची असते. तुझा फॉर्म मात्र दोघांना एकच समजतो. पिनकोडला सहा चौकोन, आमचा जर्मन कोड पाच आकड्यांचा. मोबाइलला दहा आकडे आणि ओटीपी भारतीय नंबरवरच. परदेशी कार्ड चालतं की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. पेमेंट गेटवेवर परदेशी कार्डं वेगळी चालू करून घ्यावी लागतात, दादाला तेवढं बघायला सांग. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा पत्ता वेगळा कर. खातं उघडायची सक्ती काढ. जॅरेड स्पूल नावाच्या तज्ज्ञाने एका मोठ्या दुकानाचा दाखला दिला आहे: "नोंदणी करा" हे बटण काढून "पुढे चला" ठेवलं, आणि खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले.

भेटीच्या खोक्यात बिल घालू नकोस. बाबा भेट बघायच्या आधी किंमत बघतात. चिठ्ठी देवनागरीत छापून जाईल अशी सोय कर, आणि तिला पुरेशी जागा दे. इथल्या माणसाला परडी पाठवायची नसते गं. गणपतीत, भाऊबीजेला आपण त्या घरात असायला हवं होतं आणि नाही, एवढंच त्याला कुठेतरी लिहायचं असतं. तुझ्या चिठ्ठीच्या चौकटीत सध्या मोजकीच अक्षरं मावतात. त्यात फक्त "अनेक आशीर्वाद" बसतं.

तू म्हणशील, एवढं कशाला, लोक व्हॉट्सअॅपवर विचारतातच. विचारतात, पण आमचे रात्रीचे दहा म्हणजे हिवाळ्यात तुझे अडीच. तू उठून उत्तर देतेस तेव्हा इथला माणूस झोपलेला असतो, आणि तो ते वाचतो तेव्हा हुरूप ओसरलेला असतो. व्हॉट्सअॅप बंद करू नकोस, त्याचा उपयोग उलटा कर: एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचं उत्तर पानावर चढव. दुधाचे पेढे युरोपात टपालाने येऊ देत नाहीत, हेही पेढ्याच्या पानावरच लिही. (आई, हे तुझ्यासाठीही. तूपही नाही.)

आणि हे सगळं बरोबर झालं का, हे कसं कळणार? तुझ्याकडे दिवसाला दोन-तीन ऑर्डरी. त्यावरून टक्केवारी काढणं म्हणजे दोन थेंबांवरून पावसाळा ठरवणं. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलं की पाच माणसांना वापरायला देऊन गप्प बसून पाहिलं, तरी बहुतेक अडचणी दिसतात. आपल्या घरात पाच माणसं जमवायला फोनसुद्धा करावा लागत नाही. आत्याच्या हातात मोबाइल दे, "मुंबईला परडी पाठव" एवढंच सांग, आणि दादाला खोलीबाहेर काढ, नाहीतर तो मधेमधे दाखवत बसेल. आत्या जिथे "हे काय मेलं" म्हणेल, तिथे डिझाइन चुकलं.

हा तिसरा कागद संपत आला. इथून परदेशी पत्राला सव्वा युरो पडतो, तोही २० ग्रॅमपर्यंतच, आणि चौथा कागद लावला तर वजन जाईल. म्हणून नाईकांच्या भिंतीचं काय झालं, आणि बंड्याने खरंच नोकरी सोडली का, हे तू लिही. 

तुझी,
धाकटी नणंद