पहाटेच्या गाडीचे प्रवासी

आमच्या जिल्ह्यातल्या एका स्टँडवर एक बाबा रोज रात्री तुळजापूरला निघालेले असतात. फलाटाच्या कोपऱ्यात अंथरलेलं गोणपाट, उशाला पिशवी, पिशवीत चपला. कुणी हटकलंच तर उत्तर तयार: "तुळजापूरला. पहाटंच्या गाडीनं." पहाटे गाडी येते, जाते. बाबा टपरीवर चहा पीत असतात. स्टँडवर झोपायचं तर प्रवासी असावं लागतं, नुसतं बेघर असून भागत नाही.

२०२३ मध्ये आमच्या उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या, शिक्के, लेटरहेड, सगळ्यांची धावपळ उडाली. बाबा निवांत. ज्याला पत्ताच नाही, त्यानं दुरुस्ती कशात करायची?

सरकारनं बाबांचा विचार केलेला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. लाख लोकवस्तीमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोठ्या शहरांबाबत बजावलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजनाच आली. त्यात माणशी जागाही ठरली: किमान ५० चौरस फूट.

हा आकडा साधा नाही. लॉस एंजेलिसनं २०२१ मध्ये नॉर्थ हॉलीवूड भागात बेघरांसाठी चिमुकल्या खोल्यांची वसाहत उभी केली. खोली आठ बाय आठ, म्हणजे ६४ चौरस फूट, आणि तीत दोन माणसांची सोय. माणशी ३२ फूट. आपण देतो ५०! कागदावर आपण अमेरिकेला १८ फुटांनी मागे टाकलंय. फरक एवढाच, की त्यांच्या खोलीला दार आहे, दाराला कुलूप आहे, आत एसीही आहे. आपल्या ५० फुटांना सध्या शासन निर्णयाचा क्रमांक आहे.

छोट्या निवाऱ्याचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सास्तूरसारखी आमची गावं झोपेतच गेली. माळवदाची माती आणि दगडी भिंती अंगावर आल्या. नंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. दुपारी आत भाकरी भाजून निघेल असा ताव, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही असा ताशा. तरी लोक म्हणायचे, पत्रा बरा, पडला तर मारत तरी नाही.

पक्की घरं आली तेव्हा सरकारनं टेप काढला. भूमिहीन आणि हेक्टरभर जमीनवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याहून जास्त असेल तर ७५०. भूकंपानं भिंती पाडताना सातबारा पाहिला नव्हता. बांधताना मात्र तोच आधी पाहिला गेला. ७५०, ४५०, २५० अशी ही उतरंड. तिच्या टोकावरचं बोळकं म्हणजे बेघराचे ५० फूट. ज्याच्याकडे जितकं कमी, त्याला तितकं कमी लागतं, हे शास्त्र आपल्याकडे पक्कं बसलंय.

बरं, ५० फूट द्यायचे तर माणसं मोजायला हवीत. जनगणनेत बेघरांची मोजणी एकाच रात्रीत उरकतात. मागच्या वेळी ती रात्र होती २८ फेब्रुवारी २०११. देशभरात १७ लाखांवर बेघर भरले. त्या रात्री बाबांनी "तुळजापूरला" म्हटलं असेल, तर ते प्रवाशांत गेले. पुढची मोजणी २०२१ ला होती. ती गाडी आलीच नाही.

परवा बाबांचं गोणपाट मी नजरेनं मोजलं. सहा बाय अडीच, १५ फूट. नियमानं ३५ फूट येणं बाकी. तेवढ्यात तुळजापूर गाडी फलाटावरून हलली.

"बाबा, गाडी गेली की तुमची."

"जाऊ द्या," बाबा कूस वळवत म्हणाले, "उद्याबी हाय."