शून्य जानेवारी

लहानपणी कर्जतच्या घरात भिंतीवर कालनिर्णय असे आणि त्यातला लाल रंग म्हणजे सुख. लाल आकडा म्हणजे शाळेला सुट्टी, आईचा पदर धरून महडच्या वरदविनायकाला जाणं, परतताना खोपोलीची गाडी चुकली तर पुढची येईपर्यंत फलाटावर शेंगा फोडत बसणं. निवृत्तीनंतर घरच्या साऱ्या तारखा मी एक्सेलमध्ये भरल्या आणि त्याच लाल रंगाला थकबाकी वसूल करायच्या नोकरीला लावलं. त्याचं जरा वाईटच वाटतं.

नियम दोनच केले. आजपासून सात दिवसांतली तारीख पिवळी, उलटून गेलेली लाल. याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. मला मात्र ती शीट म्हणजे पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, कुणाचं काय राहिलंय ते घरभर बघत फिरणारी आत्या वाटते. मध्यरात्र उलटते, ‘आज’ एक पाऊल पुढे सरकतो आणि काल हळदीत न्हालेली विम्याची तारीख सकाळी कुंकू फासून बसलेली दिसते. विजेचं बिल, गाडीची पीयूसी, हिच्या डोळ्यांची तपासणी, सगळ्यांचं हळदीकुंकू वर्षभर चालूच.

धाकटा भाऊ आमची खाचरं बघतो. त्याला फोनवर म्हटलं, लावणीची तारीख सांग, शीटमध्ये टाकतो. “ढगाला विचार, दादा,” तो म्हणाला. राबातलं रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावावं, हे खरं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातही तेच सांगतील. पण खाचरात चिखलणीपुरतं पाणी नसेल तर रोपाचं वय मोजून करायचं काय? मी तो खाना रिकामा सोडला. तो लालभडक झाला.

शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे नुसती दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, १ जानेवारी २०२५ हा ४५,६५८वा. रिकामा खाना म्हणजे शून्य, आणि त्या शून्याला तारखेचे कपडे चढवले की समोर उभा राहतो शून्य जानेवारी १९००. (या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० सुद्धा आहे, जो पृथ्वीवर कधी उगवलाच नाही, लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामशी हिशेब जुळावा म्हणून तो तसाच ठेवलाय. उद्या करतो म्हटलेली माझी पुष्कळ कामं मी बहुधा त्याच दिवशी उरकली असावीत.)

भाऊ घरी आला तेव्हा त्याला ते दाखवलं. चहा बशीत ओतता ओतता तो थांबला.

“म्हणजे आपली लावणी सव्वाशे वर्षं थकलीय?”

“शीट तसं म्हणतेय.”

“मग बरोबरच आहे की. आजोबांची तरी कुठं वेळेवर व्हायची?”

खाना रिकामा असेल तर सोडून दे, एवढी एक अट सूत्रात घातली की भागतं. मी ती घातली नाही. महिनाभर लावणी तशीच लाल राहिली, आणि घाटाकडचं आभाळ कोरं.

मग एका पहाटे फोन वाजला. आधी नुसता धोधो आवाज, मागे बेडूक, आणि मग त्याचं ओरडणं, “दादा, टाक तारीख!” मी आजचीच टाकली. खाना पिवळा झाला.

“पिवळा झाला रे,” मी म्हटलं.

“रोपही पिवळंच पडायला लागलं होतं,” तो म्हणाला, आणि फोन खिशात तसाच चालू ठेवून चिखलात उतरला. चुबुक, चुबुक, त्याची पावलं मला कितीतरी वेळ ऐकू येत होती.