भाच्याचं भांडं, मामाची अब्रू

सोलापुरातून अमेरिकेतल्या नातेवाइकांना काय पाठवायचं याची यादी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: शेंगाची चटणी, कडक भाकरी, एखादी चादर. माझ्या भाच्यानं त्या यादीत 57 लिटरचं स्टीलचं पातेलं घुसडलं. त्याला तळाशी नळ हवा, कडेला थर्मामीटरसाठी भोक हवं आणि सोबत तांब्याच्या नळीचं वेटोळं हवं. भाचा तिकडे गॅरेजात हौसेनं बिअर करतो. "मामा, तुमच्याकडे वेल्डर स्वस्तात करून देईल ना?" असं त्यानं विचारलं. यातला 'स्वस्तात' मी गिळला आणि बाकीचा निरोप घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे निघालो.

ग्रिल, जिने आणि शटर करणारे वेल्डर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण पातळ स्टीलला कांडी लावली की एकतर भोक पडतं, नाहीतर आत दाणे उडून चिकटतात. बिअरच्या भांड्यात तर आतला जोड बोट फिरवलं तरी लागू नये असा पाहिजे, नाहीतर खाचेत जंतू घर करतात. त्यासाठी अर्गॉन वायू सोडत जोड मारणारा, म्हणजे अर्गॉनवाला लागतो. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने उदंड, शिवाय डेअऱ्या. त्यामुळे अर्गॉनवाले आहेत, पण ऑफ सीझनला ते कारखान्याच्या पायपांत शिरलेले असतात. मला सापडलेले मिस्त्री नुकतेच एका पायपातून बाहेर आले होते.

त्यांनी नकाशा पाहिला. मग मला पाहिलं. मग वेटोळ्याच्या चित्रावर बोट ठेवून गंभीरपणे विचारलं, "ह्यात काय शिजवूलालाव, मालक?"

घरून निघताना बायकोनं बजावलं होतं, सरळ 'बंब' म्हणून सांगा. पण मी खरं ते सांगितलं, आणि ते कुणालाच पटेना.

"अमेरिकेत दारूची दुकानं नाहीत?"

"आहेत की."

"मग पोराला पगार कमी हाय?"

"छे, चांगला आहे."

"मग घरी कशाला काढतोय बिचारा?"

चहा घेऊन आलेला पोरगाही हळहळला.

त्यांचं तरी काय चुकलं? या गावानं 8 मे 1930 रोजी शिंदीची झाडं तोडायला निघून गोळ्या झेलल्या आणि पुढे मार्शल लॉ सोसला. शेजारच्या मुळेगाव तांड्यावरची हातभट्टी सुटावी आणि तिथल्या घरांना दुसरा कामधंदा मिळावा म्हणून 2021 मध्ये ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' राबवलं. आणि इथं एक पांढरपेशा मामा भाच्याला भट्टी लावून द्यायला आलेला! कायदाही मिस्त्रींच्या बाजूचा. आपला दारूबंदी अधिनियम 1949 चा. त्याच्या कलम 65 मध्ये दारू गाळणं तर आहेच, पण दारू करण्यासाठी भांडीकुंडी बाळगणंही गुन्ह्यात येतं. अमेरिकेत 1933 साली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती दुरुस्ती व्हायला 1978 साल उजाडलं. त्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी सही केली. कार्टर हे शेंगांचे शेतकरी, ही गोष्ट मी सोलापुरी मिस्त्रींना मुद्दाम सांगितली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा विश्वास दिसला.

मग मी वेटोळ्याचं प्रकरण मिटवलं. हातभट्टीत वाफ नळीच्या आतून जाते आणि गार पाणी बाहेर असतं. इथं उलट: गार पाणी नळीतून खेळतं आणि उकळता रस बाहेर. रस लवकर निवावा, एवढाच हेतू. गाळायचं काहीच नाही. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं, 65-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, चोथा काढून रस उकळायचा, निववून यीस्ट घालायचं.

मिस्त्री म्हणाले, "जवाचं आंबीलच हाय की मग!"

परवाना मंजूर झाला.

खरा तंटा पुढेच होता. नकाशातल्या नळाला अमेरिकी आटे. त्यांचा अर्धा इंच आणि आपला अर्धा इंच, दोन्हीत इंचाला 14 आटे. पण त्यांच्या आट्याचा कोन 60 अंश आणि आपला 55. दीड-दोन फेरे गोडीनं बसतात आणि मग जन्मभर गळत राहतात. (सोयरिकीही अशा पाहिल्यात, पण ते असो.) भाच्यानं व्हिडिओवरून यावर एक व्याख्यान दिलं. मिस्त्रींनी ते मान डोलावत ऐकलं, खणातून डेअरीतली एक चकती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "टीसी फेरूल. आटेच नकोत. क्लॅम्प लावायचा, काढायचा, धुवायचा. जगात कुठंबी बसतंय." भाचा गप्प झाला. अमेरिकेतले बिअरवाले जी जोडणी कौतुकानं वापरतात ती मुळात दूधवाल्यांचीच, हे त्याला माझ्यादेखत कळलं याचा मला फार आनंद झाला.

जाडीवरही भाचा हरलाच. नकाशात दीड एमएम. "पत्रा हाय का कागद?" असं म्हणत मिस्त्रींनी दोन एमएमचा, 304 जातीच्या स्टीलचा पत्रा काढला. स्टील अस्सल आहे का ते पाहायला मी ऐटीत खिशातून चुंबक काढलं. ते न चिकटल्यावर त्यांनी शांतपणे शेजारी 202 या दुसऱ्या जातीच्या स्टीलचा तुकडा ठेवला. त्यालाही चिकटलं नाही. मग बाटलीतलं औषध दोन्हींवर टाकून, थेंब लाल झाला तो 202, असं दाखवलं. चुंबक मी परत खिशात ठेवलं. जोड मारताना त्यांनी पाठीमागूनही अर्गॉन सोडला, कारण तिकडून हवा लागली तर जोड काळा आणि खरबरीत होतो. वर पिकलिंग पेस्ट लावून धुतलं. जोड दाखवताना ते काही बोलले नाहीत. नुसतं माझं बोट धरून त्यावरून फिरवलं.

हिशेब वजनावर. भोकं पाडल्यानं वजन घटलं तरी बिल वाढतं, हे गणित मी विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

एवढ्यात बायकोचा फोन आला: भांडं आहे तर नाव घाला. त्यामुळे एरवी जगातल्या कुठल्याही बिअरच्या भांड्यासारख्या दिसणाऱ्या त्या पातेल्यावर ठळक अक्षरांत 'मामा-मामींकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं आहे. मिस्त्रींनी आपल्या मनानं वर 'श्री' घातला.

विमानाला 23 किलोची मर्यादा. लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर. मापात बसलं. वजन मात्र दोन एमएमनं खाल्लं. उरलेल्या किलोंत बहिणीनं पातेल्यात चादर, चादरीत चटणी आणि कडेनं कडक भाकरी अशी भरली की विमानतळावर पेटी उघडणाऱ्याला शेवटपर्यंत दारूचा संशय येऊ नये.

भांडं पोचलं. भाच्याची बिअर कशी होते ते मी चाखलेलं नाही, पण जोड गळत नाही एवढं ठाऊक आहे. तुम्हाला कुणाला असं भांडं करून घ्यायचंच असेल तर खुशाल घ्या. जोड अर्गॉनचाच मागा, दीड एमएमचं नाव काढू नका, आणि महाराष्ट्रात राहत असाल तर आत ज्वारीचं आंबील करा. त्याला अजून परवाना लागत नाही.