हिरवं वर्तुळ

गोडदेवला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यांतल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही बसतो. खाली पातेल्यांना पॉलिश होतं, वर आम्ही लोकांच्या वेबसाइट आणि ॲप तपासतो: ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा हात माऊसवर ठरत नाही, त्याला ती वापरता येतात का. दोन्ही धंद्यांत चकाकी मागणारं गिऱ्हाईक सारखंच. पॉलिशवाल्याचं बरं आहे, त्याला नंतर कुणी विचारत नाही की पातेल्यात भात शिजतो का.

इमारतीला लिफ्ट आहे. ती मालाची आहे, आणि माणसांनी चढू नये असं आत लाल रंगात लिहिलेलं आहे. आमच्याकडचा एक सहकारी व्हीलचेअर वापरतो, तो रोज सकाळी कढयांच्या खोक्यांसोबत माल म्हणून वर येतो. आल्यावर चहा घेतो आणि ॲपमधली बटणं 24 पिक्सेलपेक्षा लहान आहेत का ते मोजत बसतो, कारण 2023 पासून आंतरराष्ट्रीय निकषांत तेवढी किमान मापं सांगितली आहेत. लिफ्टच्या बटणांवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत. ते आमच्या कामाच्या कक्षेत येत नाही.

तपासणीसाठी आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे. वेबसाइटचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, मिनिटाभरात चुकांची यादी हजर. यांतली बरीच साधनं आतून ॲक्स-कोर हे एकच इंजिन चालवतात. डीक कंपनीनं ते 2015 साली सगळ्यांसाठी खुलं केलं, गूगलचं लाइटहाउसही त्यावरच चालतं. साधन चांगलं आहे, प्रामाणिक आहे. जे आपल्याला कळत नाही त्यापुढे ते स्वच्छ लिहितं: माणसाकडून तपासून घ्या. ही ओळ आजवर एकाही गिऱ्हाइकानं वाचलेली नाही, कारण तिच्या वर एक मोठं वर्तुळ असतं आणि त्यात 100 पैकी गुण असतात. नव्वदला पोचलं की वर्तुळ हिरवं होतं. दहावी-बारावीच्या निकालांवर वाढलेल्या समाजाला हे वर्तुळ दाखवायला नको होतं.

मग फोन सुरू होतात. ‘चौऱ्याण्णव आलेत. सहा कुठे गेले?’

सहा बहुतेक वेळा रंगात गेलेले असतात. अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यात निदान 4.5 : 1 एवढा फरक हवा, असा नियम आहे. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी 10 लाख वेबसाइटची मुखपृष्ठं तपासते. 2025 साली त्यांतल्या 94.8 टक्के पानांवर यंत्राला सापडतील अशा चुका निघाल्या, आणि सगळ्यांत जास्त पानांवर निघालेली चूक होती फिकट अक्षरं. पानांची ही दुरवस्था डोळे शाबूत असलेल्यांनी केलेली आहे. आमच्या एका गिऱ्हाइकाची अक्षरं पांढऱ्यावर हळदी रंगाची होती. अहवाल दिला तेव्हा उत्तर आलं, ‘सर, तो ब्रँडचा रंग आहे. शेठच्या सूनबाईंनी निवडलाय.’ या अडचणीवर निकषांमध्ये काही तोडगा नाही. मी तीनदा वाचून पाहिले.

दुसरी तक्रार चित्रांची. ज्याला दिसत नाही तो माणूस स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आमच्याकडे एनव्हीडीए चालतं, ऑस्ट्रेलियात 2006 साली सुरू झालेलं आणि फुकट. चित्र आलं की ते चित्रामागे लिहिलेलं वर्णन वाचतं. वर्णन नसेल तर यंत्र लाल खूण करतं. गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅमर हुशार असतो, तो सगळ्या चित्रांना एकच वर्णन देतो: ‘इमेज’. लाल खुणा जातात, वर्तुळ हिरवं होतं, आणि ऐकणाऱ्याला ओळीनं ‘इमेज, इमेज, इमेज’ ऐकू येतं. आता काही साधनं एआयकडून वर्णन सुचवतात. मराठी वेबसाइटवर टाकून पाहिलं तर सूचना आली: ‘हार घातलेले काही पुरुष मंचावर उभे आहेत.’ आपल्याकडच्या निम्म्या फोटोंना हे वर्णन न बदलता चालतं, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

निळ्या चौकटीबद्दल मात्र आहे. माऊस न वापरणारा माणूस टॅब दाबत पुढे जातो, तेव्हा तो कुठे पोचलाय ते दाखवणारी एक चौकट बटणाभोवती उमटते. डिझायनरला ती घाण दिसते. तो एका ओळीत ती काढून टाकतो. यंत्राला बहुधा याचा पत्ताच लागत नाही, गुण एकही कमी होत नाही. एवढ्या बिनबोभाट होणारं दुसरं काम मी मराठी माणसाच्या धंद्यात पाहिलेलं नाही.

आणि मराठी. पान कोणत्या भाषेत आहे हे आत लिहून ठेवायचं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर त्या भाषेचा आवाज निवडतो. तयार साच्यात तिथे इंग्रजी लिहिलेलं असतं, ते कुणी बदलत नाही. यंत्र भाषा लिहिली आहे का एवढंच बघतं. लिहिली आहे, पास. मग आमचा अंध सहकारी अस्सल मराठी पान उघडतो. काही इंग्रजी आवाज देवनागरी दिसली की गप्प बसतात आणि मधले इंग्रजी आकडे तेवढे वाचतात. एका कराच्या माहितीचं पान त्याला असं ऐकू आलं: ‘2024. 25. 31. 3. 401105.’ त्यावर तो म्हणाला, ‘मुद्द्याचं सगळं आलं की.’ जुन्या फॉन्टमधली पानं तर वेगळीच: पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं असतात. आणि जाहीर सूचना स्कॅन करून पीडीएफमध्ये चढवली असेल तर ती यंत्राच्या लेखी सूचना नसतेच, एक फोटो असतो. कशाचा, ते विचारू नये.

याबद्दल कायदाही आहे, पण 2016 चा हा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा बरीच वर्षं कुणाला त्रास न देता पडून होता. मग 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं प्रज्ञा प्रसून खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला केवायसीसाठी पापण्या मिटून दाखवा असं ॲप सांगत होतं, तिथून हे प्रकरण उभं राहिलं. न्यायालयानं 20 निर्देश दिले. जुलैत त्याबद्दल सेबीचं परिपत्रक आलं. तेव्हापासून आमचा फोन थांबत नाही. ‘कोर्टाचं काहीतरी आलंय म्हणे. तेवढं सर्टिफिकेट शुक्रवारपर्यंत मिळेल का?’

घाई असलेल्यांसाठी बाजारात आणखी एक सोय आहे: एक ओळ चिकटवा, कोपऱ्यात माणसाचं गोल चिन्ह येईल आणि वेबसाइट आपोआप सुधारेल. असा दावा करणाऱ्या ॲक्सेसीबी कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले. हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण चिन्ह दिसायला छान आहे. नुसतं चिन्ह लावता येईल?’

आमच्या कोटेशनमध्ये दोन ओळी असतात. पहिली, यंत्राची तपासणी. दुसरी, आमच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष फॉर्म भरून, पैसे पाठवून, पावती उघडून केलेली तपासणी. तिला दिवस लागतात आणि ती महाग असते. काल एकांचा मेल आला. दुसरी ओळ काढावी, पहिलीत 100 पैकी 100 मिळतील याची लेखी हमी द्यावी, आणि दुसरी काढल्यावर जीएसटी किती कमी होईल तेही कळवावं.