फॉरमॅट मारणारा

गेवराई असो, केज असो नाहीतर धारूर, तहसीलीच्या आसपास झेरॉक्स आणि मुद्रांकविक्रेता यांच्या मधल्या गाळ्यात तो सापडतोच. दुकानाच्या पाटीवर नाव काहीही असो, गाव त्याला ‘इंजिनियर’ म्हणतं. शिक्षण कुठवर झालं ते कुणी विचारत नाही. हाडवैद्याला तरी कुठं विचारतात?

जुलै हा त्याचा खरा सीझन. पीकविम्याची ३१ तारीख जवळ आली की सेवा केंद्रांचे संगणक साथ आल्यासारखे आजारी पडतात. २०२३ साली विमा एक रुपयात झाला, तेव्हा त्याच्या दारात सीपीयूंची रांग. मोटारसायकलवर दोघांच्या मधे शेळी धरावी तसा सीपीयू धरून माणसं येतात.

“लई स्लो चालायलंय हो. चालू करून चहा पिऊन आलो तरी चक्कर फिरतीच.”

“आधी कुणाला दाखवलं व्हतं का?” हा पहिला प्रश्न. आधीचा कोण असेल त्याला नावं ठेवल्याशिवाय स्क्रू सुटत नाही.

मग ब्लोअर. कॅबिनेटातून निम्मा एकर काळी माती निघते. साटाची केबल काढून पुन्हा बसवतो, कारण खरंच कधीकधी तेवढ्यावर भागतं. टास्क मॅनेजर उघडतो; डिस्क १०० टक्के. मग डोळे मिटून कॅबिनेटला कान लावतो आणि आतली टकटक ऐकतो. इथं मला पूर्वी हसू यायचं.

एकदा समजावून सांग म्हणालो, तर म्हणाला, “सर, तबकडी मिनिटाला ७२०० येढे मारती. पन फाइल एका जागी न्हाई. तुकडे सात गटांत पांगल्यात, हेडला बांधाबांधानं हिंडावं लागतंय. एका खेपंला धा मिलिसेकंद. अशा हजार खेपा झाल्या की धा सेकंद गेले. त्यात एखादा सेक्टर खराब निघाला, की पडीक रानात औत अडकल्यावानी तिथंच घोटाळती.”

दोन एकर सात ठिकाणी असलेल्या माणसाला याहून सोपं कुणी सांगू शकेल असं वाटत नाही.

इतकं कळत असून तो शेवटी फॉरमॅटच का मारतो? कारण गिऱ्हाईक तेच मागतं. नेकनूरच्या बाजारात बैलाचा जबडा उघडून दात बघतात, तसा तो डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडतो. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलेलं असतं. “हिचे दात गेले, मामा. एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं कायच न्हाई.”

“टाकू की, दिवाळीला. आज नुसतं विंडोज मार.”

कधीकधी तर डिस्क ठणठणीत असते आणि अडलेला असतो विम्याच्या साइटचा सर्व्हर. तसं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या गाळ्यात जातं. मग तो निमूट पेनड्राइव्ह लावतो.

त्याला भीती एकाच वाक्याची.

“डी ड्राइव्हला हात लावत न्हाई. डेस्कटॉपवर काय हाय का?”

“डेस्कटॉपवरच हाय की सगळं!”

म्हणजे सी ड्राइव्हमधेच सगळं: पोरीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचा ताळेबंद, कुणाचा तरी अर्धवट बायोडाटा. मरायला टेकलेल्या डिस्कवरून ते उतरवता उतरवता रात्र होते. मधेच लाइट जाते. फॉरमॅटचे पैसे ठरलेले. या रात्रपाळीचे कुणी देत नाही, आणि तोही मागत नाही.

फॉरमॅट मारला की तो कॅबिनेटच्या कुशीवर मार्करनं तारीख टाकतो. माझा संगणक नेला तेव्हा त्यानं पिवळा ‘कॉशन’ दाखवला, दातांचं सांगितलं, एसएसडीचा भाव सांगितला. मी सगळं लक्षपूर्वक ऐकलं. आणि म्हणालो, “बरोबर आहे. पण आत्ता नुसतं फॉरमॅट मारून बघू या का?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग मार्करचं टोपण काढलं.

कॅबिनेटवर आता तीन तारखा आहेत. चौथीपुरती जागा त्यानं खाली सोडली आहे.